बदलते हवामान, महापालिका आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलण्यातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)

 

समितीने मला विषय दिला, हवामान बदल आणि स्थानिक स्वराज्य संस्था. मी सेक्रेटरींना म्हटलं, अहो, मी नववी नापास माणूस, साचे खात्यातला कामगार. हा विषय एखाद्या प्रोफेसरला द्या. ते म्हणाले, "दादा, बत्तीस वर्षं तुम्ही गिरणीत घाम काढला. उकाड्याचं तुमच्याइतकं कोणाला कळतं?" तेव्हा मी हसलो. घरी जाऊन विचार केला तर वाटलं, माणूस खोटं बोलला नाही.

१९८८ साली मी बदली म्हणून गिरणीत लागलो. साचे खात्यात भिंतीला एक लाकडी फळी असायची आणि तिच्यावर दोन थर्मामीटर. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला फडकं गुंडाळलेलं आणि फडक्याचं टोक पाण्याच्या भांड्यात. कायद्यानं ते लावावे लागत, कारण खात्यात मुद्दाम दमटपणा ठेवायचे. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून पाण्याचे फवारे सोडायचे. सुताला काय पाहिजे हे बघायला माणूस नेमलेला होता, सूत विणणाऱ्याला काय पाहिजे हे बघायला कोणी नव्हता. सुरुवातीला मला वाटायचं, दोन थर्मामीटर कशाला, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून असेल. एका जुन्या जॉबरनं समजावलं. ओल्या फडक्यातलं पाणी उडतं, त्यामुळे तो पारा खाली राहतो. आपल्या अंगावरचा घामही तसाच उडतो, म्हणून अंग थंड होतं. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर फडकं वाळत नाही आणि घामही वाळत नाही. दोन्ही पारे जवळजवळ आले की समजायचं, आज कोणीतरी चक्कर येऊन पडणार. आणि पडायचा. त्याला बाहेर नेऊन कांदा हुंगवायचे, पाणी मारायचे आणि त्याच्या साच्यावर दुसरा बदली उभा राहायचा.

ही गोष्ट एवढी लांबवून का सांगतो? कारण आज सगळी मुंबईच साचे खातं झाली आहे. उत्तर हिंदुस्थानात पारा ४५ ला जातो आणि आपण म्हणतो, आपल्याकडे ३५-३६ तर आहे. हवामान खातंसुद्धा मैदानी प्रदेशात ४० अंश आणि समुद्रकिनाऱ्यावर ३७ अंश झाल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाही. पण आपल्याकडे हवा ओली. शास्त्रज्ञ सांगतात की तो फडकेवाला पारा ३५ वर जाऊन काही तास तिथंच राहिला, तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत पंख्याखाली बसून वाचू शकत नाही. म्हातारी माणसं आणि लहान पोरं त्याच्या कितीतरी आधी कोलमडतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात सरकारी कार्यक्रमासाठी लाखो माणसं भर उन्हात बसवली. त्या दिवशी पारा काही ४५ ला गेला नव्हता. तरी उष्माघातानं १४ माणसं गेली. टीव्हीवर दिसलं म्हणून ते आपल्याला कळलं तरी.

आपल्या मागच्या वस्तीतल्या आजी ज्या मे महिन्यात गेल्या, त्यांचं मात्र टीव्हीवर आलं नाही. नाव घेत नाही, घरचे समोर बसले आहेत. पत्र्याची खोली, वरती माळा, आजी माळ्यावर झोपायच्या. दिवसभर पत्रा तापायचा तो रात्री दोन वाजले तरी गार व्हायचा नाही. सकाळी सून चहा घेऊन वर गेली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दाखल्यावर हृदयविकार लिहिला. खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही, हृदय बंद पडलंच असणार. पण ते कशानं बंद पडलं हे लिहायला त्या कागदावर रकानाच नाही. आदल्या रविवारी त्या विहारात वंदनेला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "बाबा, इथं फरशीवर बरं वाटतं, जरा पडू का?" वंदना संपली की आपण विहाराला कुलूप लावतो. त्या दिवशीही लावलं. किल्ली माझ्याकडेच होती.

असो.

आता दुसऱ्या एका गिरणीगावाची हकीकत सांगतो. अहमदाबाद आपलं भावंडच म्हणायचं. तिथेही गिरण्या, तिथेही चाळी, तिथल्याही गिरण्या बंद पडल्या. २०१० च्या मे महिन्यात तिथं पारा ४६.८ वर गेला. नंतर अभ्यासकांनी महापालिकेच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तर नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १३४४ माणसं जास्त मेली होती. आपल्या आजींसारखीच ही माणसं. कोणाच्या दाखल्यावर ऊन लिहिलेलं नाही, पण बेरीज केली तेव्हा उजेडात आलं. मग तिथल्या महापालिकेनं २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला. देशातला असा पहिलाच. त्यात फार मोठी यंत्रसामग्री नाही. उद्या किती तापणार याचा अंदाज आदल्या दिवशी महापालिकेला मिळतो. तो ठरलेल्या हद्दीच्या वर गेला की एक अधिकारी निरोप सोडतो. मग बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, पाणपोया लावायच्या, दवाखान्यात बर्फ आणि सलाईन तयार ठेवायचं, आरोग्यसेविकांनी गल्लीगल्लीत सांगत फिरायचं. देवळं, सार्वजनिक इमारती अशा सावलीच्या जागा लोकांना दुपारी बसायला खुल्या करायच्या. महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्था वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन छतांना पांढरा रंग देऊ लागल्या, पुढे महापालिकेनंही तो कार्यक्रम उचलला. पांढरं छत ऊन परतवतं, खोलीतला उकाडा दोन ते पाच अंशांनी उतरतो असं सांगतात. आराखड्यानंतर दर वर्षी अकराशेच्या वर मृत्यू टळले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

यात महापालिकेनं काय केलं आणि लोकांनी काय केलं हे वेगळं काढून दाखवता येत नाही. अंदाज, दवाखाने, पैसा महापालिकेचा. पण कोणत्या खोलीत कोणती म्हातारी एकटी राहते हे महापालिकेला कुठून ठाऊक असणार? ते शेजारणीला ठाऊक असतं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. मुंबई महापालिकेनं वातावरण कृती आराखडा जाहीर केला तो १३ मार्च २०२२ ला. माझी भाची कॉलेजात शिकते, तिनं चार रविवार माझ्याशेजारी बसून मला तो समजावून दिला. २०५० पर्यंत मुंबईचा धूर निव्वळ शून्यावर आणायचा. २०१९ च्या मानानं २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के कमी करायचा. वीज आणि इमारती, वाहतूक, कचरा, झाडं, हवा आणि पूर-पाणी अशी सहा कामं त्यात धरली आहेत. मुंबईचा बहुतेक धूर हा वीज आणि इंधन जाळून होतो असं त्यातच दिलंय. भाची मला म्हणाली, मामा, आपल्या घरात एक पंखा, दोन ट्यूब आणि एक टीव्ही, आपण यात कितीसे आलो? खरं आहे. ज्या जमिनीवर आमचे साचे चालायचे त्या जमिनीवर आता चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत. त्यांचे एसी आतली गरमी बाहेर फेकतात आणि बाहेर म्हणजे आपल्या चाळीवर. पत्र्याच्या दाटीवाटीच्या वस्त्या असलेले भाग शहरात जास्त तापतात, हेही त्याच आराखड्यात मान्य केलं आहे. धूर एकानं करायचा आणि धग दुसऱ्यानं सोसायची, हा न्याय आपल्या समाजाला नवीन नाही.

पण मला त्यातली तारीख जास्त लक्षात राहिली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली ७ मार्च २०२२ ला. आराखडा आला १३ तारखेला. म्हणजे आराखडा आला तेव्हा नगरसेवक नव्हते! आणि पुढे जवळजवळ चार वर्षं नव्हते, प्रशासक होते. मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं १९९३ पासून शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली, प्रभाग समित्या दिल्या आणि एवढ्या मोठ्या शहरात चार वर्षं गाऱ्हाणं सांगायला निवडून दिलेला माणूस नाही. २०२४ पासून महापालिका हवामानाच्या कामाचा वेगळा अर्थसंकल्पी अहवालही काढते. चांगलं आहे. पण त्यात आपल्या गल्लीचं काय, हे विचारणारं तोंड सभागृहात नसेल तर आकडे आकड्यांच्या जागी राहतात.

इथं मला महाड आठवतं. तुम्ही म्हणाल, दादा फिरून फिरून महाडला येणारच. पण आज जरा वेगळ्या बाजूनं बघू. चवदार तळं कोणाचं होतं? महाड नगरपालिकेचं. १९२३ साली रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव पास करून घेतला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचा ठराव केला. ठराव चांगला होता, करणारी माणसंही चांगली होती. पण तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत गेले, ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. मग कोर्टकचेरी, आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ साली. चौदा वर्षं झाली बोले ठरावाला! मी तरुणांना नेहमी सांगतो, महाड म्हणजे नुसती घोषणा नाही. कचेरीतला ठराव आणि रस्त्यावरची माणसं यांचा हिशोब कसा घालायचा, याचं ते पुस्तक आहे.

आणि त्याच महाडला २०२१ च्या जुलैत काय झालं? २२ जुलैच्या रात्री सावित्रीचं पाणी गावात शिरलं, पहिला मजला बुडाला. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला, ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली. ज्या गावानं आम्हाला पाणी नाकारलं तिथं पाण्यानं कोणाची जात विचारली नाही. पुराला शंभर कारणं असतील, पण नदीत गाळ साचलेला होता हे तिथली माणसं आधीपासून ओरडून सांगत होती. पुरानंतर मागणी लावून धरली, तेव्हा गाळ काढायचं काम झालं.

मुंबईला २६ जुलै २००५ कोणी विसरणार नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. माझी बहीण कुर्ल्याला मिठीच्या काठाला राहायची. दुसऱ्या दिवशी मी परळहून चालत तिच्याकडे गेलो. खोलीत गळ्याएवढं पाणी येऊन ओसरलं होतं. पोरांचे दाखले, बाबासाहेबांचा फोटो, तांदळाचा डबा, सगळा लगदा. पहिली खिचडी आली ती तिथल्या विहारातून आणि शेजारच्या मशिदीतून. सरकारी मदत नंतर आली. पण मेलेल्या जनावरांची नि कचऱ्याची घाण उपसायला जे उतरले ते महापालिकेचे सफाई कामगार होते आणि त्यांत आपलीच माणसं होती. म्हणून "महापालिका काही करत नाही" असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कोणती महापालिका? खुर्चीतली की गटारातली?

हिंदमाताला आता दादर-परळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. भरतीच्या वेळी पाणी तिथं साठवायचं, ओहोटीला समुद्रात सोडायचं. त्यानं फरक पडला, हे मान्य करायला पाहिजे. पण टाकीपर्यंत पाणी जायचं तर गटार मोकळं पाहिजे. आणि आपल्या गल्लीच्या गटारात मी स्वतः उतरून पाहिलंय. काय निघालं? थर्माकोलच्या प्लेटा, पाण्याचे प्लास्टिकचे ग्लास आणि निळ्या पताका. राग मानू नका. थर्माकोल आणि एकदा वापरायच्या प्लास्टिकवर २०१८ सालापासून राज्यात बंदी आहे. ती जयंतीला लागू नाही असं कुठं लिहिलंय?

कचऱ्याचंही तसंच. १९९७ साली महापालिकेनं एएलएम म्हणून योजना काढली. गल्लीतल्या लोकांनी मंडळ करायचं, ओला-सुका कचरा वेगळा करायचा, महापालिकेचा अधिकारी महिन्याला भेटायचा. घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरुवात झाली. सोसायट्यांना ते बरं जमलं. वस्त्यांसाठी दुसरी योजना आली, तिचं नाव "दत्तक वस्ती". नाव ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं. सोसायटीवाले भागीदार आणि आम्ही दत्तक? आम्ही काय अनाथ आहोत? पण नावावर रुसून बसलो आणि नुकसान आपलंच झालं, हेही सांगतो. त्या वेळी मी मीटिंगला गेलो नाही. जायला पाहिजे होतं.

काही लोक म्हणतात, आपल्याला हे जमणार नाही, आपल्यात शिस्त नाही. त्यांनी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जाऊन बघावं. लाखो माणसं येतात. महापालिका मंडप, पाणी, शौचालयं, दवाखाना उभारते. समता सैनिक दलाची पोरं-पोरी रात्रभर रांग सांभाळतात. कोणी हरवलं तर शोधायची व्यवस्था, जेवणाचे स्टॉल, सगळं लोकांचं. पालिका आणि समाज खांद्याला खांदा लावून काम करतात ते असं. त्यासाठी परदेशातून कोणी शिकवायला आलं नाही. चैत्यभूमीला जी पोरं तीन दिवस उभी राहतात, त्यांच्यातली दहा पोरं आपल्या वॉर्डात जोराच्या पावसात, नाहीतर मे महिन्याच्या दुपारी उभी राहिली तर? सरकारची "आपदा मित्र" म्हणून योजना आहे, स्वयंसेवकांना शिक्षण देतात. आपल्या पोरांची नावं त्यात का नसावीत?

आता घरची गोष्ट. आपण पावसाळ्याआधी गटार साफ करावं म्हणून अर्ज दिला होता. कुठल्या कचेरीत ते सोडा. तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब साइटवर, दुसऱ्यांदा साहेब मीटिंगला, तिसऱ्यांदा साहेब बदलले. चौथ्यांदा महिला मंडळाच्या बावीस जणी आल्या आणि बसूनच राहिल्या. आठ दिवसांत गाडी आली. मात्र ३१ मेची मुदत उलटून गेली होती आणि काढलेला गाळ काठावरच ठेवला, पहिल्या पावसात अर्धा परत आत. तेव्हा यंदा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा, पोच घ्यायची आणि गाळ उचलून नेईपर्यंत दोघांनी तिथं उभं राहायचं. फोटो तारखेसकट काढायचे.

आणि शेवटचं, ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे हे भाषण कबूल केलं. वर्धापनदिनासाठी वर्गणी जमली आहे. समितीत विचार चालला आहे की दाराला कमान करायची आणि आत संगमरवर घालायचा. मी समितीचा सभासद आहे, तिथंही बोललो, आज सर्वांसमोर बोलतो. कमान पुढच्या वर्षी करू. यंदा त्या पैशातून विहाराच्या छताला पांढरा रंग द्यावा, मागच्या वस्तीतल्या पत्र्यांनाही जमेल तेवढ्यांना द्यावा, दोन जादा पंखे आणि एक पिण्याच्या पाण्याची टाकी बसवावी. आणि १ एप्रिल ते १५ जून दुपारी बारा ते पाच, आणि फार उकाडा असेल त्या रात्रीही, विहार उघडा ठेवावा. कोणीही यावं, पडावं. बौद्ध असो नसो. सम्राट अशोकानं रस्त्याच्या कडेला वडाची झाडं लावली, विहिरी खोदल्या, असं त्याच्या लेखांत कोरलेलं आहे. सावली कोणासाठी, हे त्यानं विचारलं नव्हतं.

महापालिकेकडे तीन गोष्टी मागायच्या. विहाराची नोंद उन्हाळ्यातला निवारा म्हणून करा. उकाड्याचा इशारा आला की आरोग्यसेविकेनं आधी इथं कळवावं. आणि टाकीला पाण्याचं कनेक्शन. बदल्यात आपण एक वही करायची. गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसं, आजारी माणसं, बाळंतिणी, कोणत्या खोलीत, शेजारी कोण. महिला मंडळानं कामाला सुरुवातही केली आहे. आजपर्यंत एकेचाळीस नावं झाली.

समितीचा निर्णय येत्या रविवारी वंदनेनंतर आहे. कोणाला कमानच पाहिजे असेल तर त्यांनीही यावं आणि बोलावं, मी ऐकून घेईन. अर्जाचा मसुदा माझ्या भाचीनं केला आहे, बाहेर टेबलावर ठेवलाय, वाचून सही करा. सोमवारी सकाळी दहा वाजता वॉर्ड ऑफिसच्या दारात जमायचं आहे. ज्यांची पहिली पाळी असेल त्यांनी घरच्यांना पाठवावं.

विहाराची किल्ली मी आज समितीकडे परत देत आहे. दुपारची जबाबदारी कोण घेणार, त्यानं ती घ्यावी. कोणी घेतली नाही, तर माझ्याकडेच राहू द्या. मी रिकामाच आहे, २०२० च्या मार्चमध्ये आमचे साचे थांबले ते काही परत हलले नाहीत.

जय भीम. नमो बुद्धाय.